चौथ्या वर्षी पगार कोण देणार?

नगरपरिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेल्या आमच्या सदरलेखिका सार्वजनिक पैशाविषयीच्या तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच विषयाभोवतीची आहेत : शहराची सुरक्षा आणि तिच्यासाठी मिळणारं अनुदान.

प्रश्न : मॅडम, मी ब वर्ग नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आलेली नगरसेविका आहे. आमच्या प्रभागात दुचाकी चोरीला जातात, संध्याकाळी शिकवणीहून येणाऱ्या मुलींना टवाळखोरांचा त्रास होतो. पोलीस ठाण्यात गेलं की ‘माणसं कमी आहेत’ हे उत्तर ठरलेलं. वित्त आयोगाच्या निधीतून प्रभागातलेच दहा-बारा तरुण मानधनावर घेऊन पोलिसांबरोबर गस्तीला द्यावेत, असा ठराव मांडायचा आहे. मुख्याधिकारी ‘बघू’ म्हणतात. ठराव टिकेल का?
— एक नगरसेविका, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, मुख्याधिकारी ‘बघू’ म्हणाले म्हणजे ‘नाही’ म्हणाले. तोंडावर सांगत नाहीत इतकंच. आणि या वेळी त्यांचं बरोबर आहे.

पोलीस हा राज्याचा विषय. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा विषय दिले आहेत, त्यांत पाणी आहे, स्मशानभूमी आहे, कोंडवाडेसुद्धा आहेत, पोलीस नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१ ते २०२६) निधी घ्या. दहा लाखांपेक्षा लहान शहरांच्या वाट्यातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला. उरलेला चाळीस टक्के मोकळा म्हणतात, पण तोही त्या अठरा विषयांपुरताच, आणि पगार व आस्थापना खर्च वगळून. पुढच्या आयोगाच्या निधीसाठी त्याचा शासन निर्णय समोर ठेवून वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. तुम्ही ‘मानधन’ लिहा, ‘प्रोत्साहन भत्ता’ लिहा, ‘सेवा शुल्क’ लिहा; लेखापरीक्षकाला त्यात पगारच दिसतो. मग आक्षेप निघतो, खुलासा मागतात, आणि वसुलीची पाळी आली की ठरावाच्या बाजूने हात वर करणारे सगळे ‘मी त्या दिवशी गैरहजर होतो’ म्हणायला लागतात. इतिवृत्तात सह्या असतात, ताई.

शिवाय ते तरुण. आज दहा जणांना काठी, शिट्टी आणि जॅकेट दिलंत. त्यांनी कुणाला हटकलं, कुणाच्या कानाखाली काढली, तर जबाबदार कोण? विशेष पोलीस अधिकारी नेमायची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियमात आहे, पण ती नेमणूक पोलिसांनी करायची असते, नगरपरिषदेने नव्हे. आणि निधी संपल्यावर ते जॅकेट परत येत नाही. ते पुढच्या निवडणुकीत कुणाच्या तरी प्रचारात फिरताना दिसतं.

आता जे होऊ शकतं ते सांगते. त्याच बाराव्या अनुसूचीत सतरावा विषय आहे : रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे, सार्वजनिक सोयी. मुलींची वाट अंधारी असेल तर तिथला दिवा हा तुमचा विषय आहे, आणि त्या मोकळ्या चाळीस टक्क्यांत तो बसतो. पण दिव्यांची यादी विद्युत विभागाच्या टेबलावर बसून करू नका. तुमच्या प्रभागाचा बीट अंमलदार, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस, कोण आहे ते ठाण्यातून विचारून घ्या, दोन-तीन शिकवणीवाल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना बरोबर घ्या, आणि साडेसात ते साडेआठ या वेळात त्या रस्त्याने चाला. कुठला खांब बंद आहे, कुठे टपरीमागे अंधार आहे, कुठल्या कोपऱ्यावर गाड्या लावून पोरं बसतात, हे नकाशावर मांडा. माझी खात्री आहे, विभागाची यादी आणि तुमची यादी जुळणार नाही. तुमची यादी जोडून प्रस्ताव द्या. या फेरीला एक रुपयाही लागत नाही, आणि बीट अंमलदाराची आणि त्या मुलींची ओळख होते. पोलीस आणि वस्ती यांनी मिळून सुरक्षा सांभाळायची याला सामुदायिक पोलिसिंग म्हणतात; माझ्या मते त्यातला सगळ्यात मोठा भाग हाच आहे, आणि त्याला कुठलंही लेखाशीर्ष नाही.

आमचे हे हवालदार म्हणून निवृत्त झाले. बीटवर होते तेव्हा कुठल्या गल्लीत दूधगाडी किती वाजता येते, कुणाचा मुलगा तुरुंगातून सुटून आलाय आणि कुणाची म्हातारी एकटी राहते, हे त्यांना पाठ असायचं. पण महिन्यातले निम्मे दिवस बंदोबस्त, समन्स आणि न्यायालयातच जायचे. म्हणून ‘माणसं कमी आहेत’ हे उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. माणूस असतो, त्याला बीटवर सोडत नाहीत. केरळने २००८ मध्ये ‘जनमैत्री’ योजना काढली तेव्हा नेमकं हे पकडलं : एका बीट अधिकाऱ्याला सुमारे पाचशे घरं, आणि प्रत्येक घराची ओळख हे त्याचं कामच. ती राज्याने आपल्या पोलिसांकरता, आपल्या पैशातून केली. तुमच्या हातात ते नाही, पण मागणी आहे. पोलीस निरीक्षकांना लेखी विचारा : आमच्या प्रभागाचा बीट अंमलदार आठवड्यातून किमान दोन संध्याकाळी बीटवर असेल का? ‘जास्त पोलीस द्या’ या अर्जापेक्षा या अर्जाला उत्तर देणं त्यांना भाग पडतं.

प्रश्न : काकू, मी मिशिगनमध्ये एका लहान शहरात राहते. आई तुमचं सदर वाचून दाखवते, म्हणून लिहिते. आमच्या सिटी कौन्सिलपुढे प्रस्ताव आहे : केंद्र सरकारच्या अनुदानातून दोन ‘कम्युनिटी पोलीस ऑफिसर’ घ्यायचे. ‘पंचाहत्तर टक्के खर्च वॉशिंग्टन देणार’ असं सांगतायत. सभेत नागरिकांना तीन मिनिटं बोलता येतं. मी काय विचारू? तुम्हाला इथलं काही सांगता येईल का, की हे फारच परकं आहे?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर : परकं कसलं? अनुदान सगळीकडे सारखंच बोलतं. तीन मिनिटं पुष्कळ झाली, एकच प्रश्न विचार : चौथ्या वर्षी पगार कोण देणार?

तुमच्याकडचा हा कार्यक्रम १९९४ च्या गुन्हेगारी नियंत्रण कायद्यातून आला. क्लिंटन यांनी त्यावर सही केली, देशभर एक लाख पोलीस वाढवायचे असं उद्दिष्ट होतं, आणि त्यासाठी न्याय खात्यात ‘कॉप्स’ नावाचं कार्यालय उघडलं. भरतीच्या अनुदानाची गेल्या बऱ्याच वर्षांतली रचना अशी : नव्या पोलिसाच्या सुरुवातीच्या पगार-भत्त्यांचा ७५ टक्क्यांपर्यंतचा खर्च तीन वर्षं केंद्र देणार, पण एका जागेमागे एकूण १,२५,००० डॉलरपेक्षा जास्त नाही. उरलेलं शहराचं. तीन वर्षं संपल्यावर ती जागा निदान बारा महिने शहराने स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची. आणि आधीपासून ज्या पोलिसांचा पगार शहर देतच होतं, त्यांच्यासाठी हे पैसे वापरायचे नाहीत.

कागदावरचे ७५ टक्के बाजूला ठेव आणि आकडे मांड. आकडा मी धरते, तू तुमच्या शहराचा घाल. समजा एका नव्या पोलिसाचा पगार आणि भत्ते मिळून वर्षाला ९०,००० डॉलर. तीन वर्षांचे झाले २,७०,०००. त्याचे ७५ टक्के २,०२,५०० होतात, पण मिळणार १,२५,०००, कारण वरची मर्यादा. म्हणजे तीन वर्षांत शहराने घालायचे १,४५,०००. त्यावर चौथ्या वर्षाचे पूर्ण ९०,०००. चार वर्षांच्या ३,६०,००० पैकी २,३५,००० शहराचे. ‘पंचाहत्तर टक्के वॉशिंग्टनचे’ म्हणता म्हणता पासष्ट टक्के तुमचेच निघाले, तेही पगारवाढ, गाडी, गणवेश, प्रशिक्षण काही न धरता. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, पण इथे तर आयजीही तुम्हीच. म्हणून अनुदान घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. हा हिशेब प्रस्तावाला जोडलेला आहे का, ते विचार.

आणि तुझ्या सभेत जुनी माणसं बसलेली असतील तर फ्लिंटची आठवण कर, ते तुमच्याच राज्यातलं आहे. पाण्यात शिसं निघालं तेच शहर, पण ही गोष्ट त्याच्या खूप आधीची. १९७९ मध्ये तिथे मॉट फाउंडेशनने साधारण २६ लाख डॉलर दिले आणि पायी गस्तीचा प्रयोग सुरू झाला. तेव्हा शहर साधारण एक लाख साठ हजारांचं. २२ पोलीस, १४ वस्त्या. गाडीतून फिरायचं नाही, वस्तीतच थांबायचं, लोकांना नावानं ओळखायचं, त्यांच्या बैठका घ्यायच्या. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट ट्रोजॅनोविक्झ यांनी तीन वर्षांनी त्याचं मूल्यमापन केलं. त्या वस्त्यांत गुन्हे ८.७ टक्क्यांनी घटले होते. मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा : पोलिसांना येणारे मदतीचे फोन ४३.४ टक्क्यांनी कमी झाले होते. भांडण, कुत्रा, गाडी लावण्यावरून वाद, यांसाठी फोन करायचं कारणच उरलं नाही, माणूस दारात उभा होता.

मग अनुदान संपलं. आपल्याकडे अशा वेळी मुदतवाढीचा प्रस्ताव जातो. फ्लिंटने काय केलं? १९८२ मध्ये लोकांना मत विचारलं : गस्त हवी असेल तर जादा कर भराल का? आणि लोकांनी हो म्हटलं. वर्षानुवर्षं अर्थसंकल्प करण्यात घालवलेल्या बाईला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र दुसरं दिसत नाही. कारखाने बंद पडत चाललेल्या गावात माणसं पोलिसासाठी स्वतःहून कर वाढवून घेतात, म्हणजे त्या पोलिसाने नक्की काहीतरी केलं असणार. १९८५ मध्ये त्यांनी पुन्हा हो म्हटलं. पुढे जनरल मोटर्सचं काम आटत गेलं, शहराची तिजोरीही आटली आणि ती गस्त टिकली नाही. पण देणगीच्या तीन वर्षांचा उपयोग त्यांनी लोकांना चव दाखवायला केला आणि मग लोकांनाच बिल दाखवलं. हा क्रम मला पटतो.

एक सावधगिरी. ‘गुन्हे किती कमी होतील’ याचं वचन मागू नकोस, आणि कुणी दिलं तर विश्वास ठेवू नकोस. न्यू जर्सीने १९७३ च्या कायद्याने २८ शहरांना पायी गस्तीसाठी राज्याचे पैसे दिले होते. तिथल्या न्यूअर्क शहरात पोलीस फाउंडेशन या संशोधन संस्थेने त्याचा अभ्यास केला तेव्हा गुन्ह्यांचे आकडे हललेले नव्हते. मात्र त्या वस्त्यांतल्या लोकांना पूर्वीपेक्षा सुरक्षित वाटत होतं, आणि पोलिसांबद्दलचं मतही सुधारलं होतं. आता यासाठी पैसे घालायचे की नाही, हे तुमच्या शहराने ठरवायचं. मी घातले असते.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या पाठपुराव्याने खासदार निधीतून चौकाचौकांत सीसीटीव्ही बसले. पेपरात फोटोही आला. आता निम्मे कॅमेरे बंद आहेत. पोलीस म्हणतात नगरपरिषदेला विचारा, नगरपरिषद म्हणते ठेकेदाराला विचारा. दुरुस्तीसाठी नवं अनुदान कुठून मागावं?
— सचिव, ज्येष्ठ नागरिक संघ, जळगाव जिल्हा

उत्तर : काका, मागू नका. खासदार निधीतून टिकाऊ मालमत्ता उभी करता येते, आवर्ती खर्च करता येत नाही. म्हणून मंजुरीच्या वेळीच वापरणाऱ्या यंत्रणेकडून देखभालीची लेखी हमी घेतात. ती हमी कुणीतरी दिलेली आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेत माहितीच्या अधिकारात अर्ज करून तिची प्रत मागा. सोबत तीन गोष्टी विचारा : वार्षिक देखभाल करार कुणी, किती वर्षांचा केला, इंटरनेटचं आणि विजेचं बिल कोण भरतं, आणि चित्रण किती दिवस साठवलं जातं. माझ्या अनुभवात कॅमेरा क्वचितच बिघडलेला असतो. बिल थकलेलं असतं, नाहीतर रस्ता खोदताना तार तुटलेली असते.

प्रत हातात आली की टोलवाटोलवी थांबते, कारण मग प्रश्न ‘कोण करणार’ असा उरत नाही.

प्रश्न : मी मोहल्ला समितीचा सदस्य आहे. सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. चहा-बिस्किटांचा खर्च ठाणेदार साहेब खिशातून करतात असं दिसतं. आम्ही व्यापाऱ्यांकडून थोडी वर्गणी काढून समितीला कायमचा निधी करून द्यावा का? म्हणजे समितीला जरा वजनही येईल.
— एक वाचक, ठाणे जिल्हा

उत्तर : पोलिसांच्या नावाने वर्गणी? भाऊ, हे विचारसुद्धा करू नका. ज्या व्यापाऱ्याने अकराशे दिले, त्याच्या दुकानापुढची गाडी उचलायची वेळ आली की तुमचा निधी बोलायला लागेल. आणि पावतीपुस्तक छापलं की ते कुणाच्या हातात गेलंय याचा पत्ता तुम्हालाही राहणार नाही. बैठक ठाण्यात न घेता आळीपाळीने शाळेत, समाजमंदिरात, मदरशात, तालमीत घ्या. ज्यांची जागा त्यांचा चहा. हिशेब ठेवायचीही गरज नाही.

तुम्ही ठाणे जिल्ह्यातले, म्हणजे भिवंडीचं तुम्हाला मी सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं यंत्रमागांचं गाव. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं आणि त्या भागातला पोलीस नियमित एकत्र बसायचे, दंगल नसतानाही. मुद्दा तोच होता, दंगल नसताना बसायचं. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यामागे अनुदानाची कुठली मोठी योजना नव्हती. साहेबांनी आपला आणि आपल्या माणसांचा वेळ घातला होता.

आणि त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या नव्या इमारतीवरून तणाव झाला. जागा कब्रस्तानालगतची होती, तिच्यावरून वाद होता. गोळीबारात दोन जण गेले, आणि जमावाने दोन पोलिसांना मारलं. इमारतीसाठी पैसा मंजूर होणं आणि तिच्याबद्दल वस्तीशी बोलणं झालेलं असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फायलीवर पहिलीच दिसते.

समितीला वजन हवं असेल तर बैठकीच्या नोंदी ठेवा. कोण आलं, कुठली तक्रार आली, पुढच्या बैठकीपर्यंत तिचं काय झालं. चाळीस पानी वही पुरते. ठाणेदार बदलले की नव्या साहेबांसमोर ती वही ठेवा. गावात आल्याबरोबर त्यांना एवढी माहिती दुसऱ्या कुणाकडून मिळत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत स्टुडंट पोलीस कॅडेट योजना आहे, आठवी-नववीची मुलं उत्साहात आहेत. शाळेमागे ५०,००० रुपये मिळतात. मार्च जवळ आला आहे आणि रक्कम शिल्लक आहे. मुलांना बूट घ्यावेत का? परत जाण्यापेक्षा बरं.
— मुख्याध्यापक, परभणी जिल्हा

उत्तर : सर, ही योजना केरळने २०१० मध्ये सुरू केली आणि २०१८ मध्ये केंद्राने देशभर नेली. ते पन्नास हजार शैक्षणिक साहित्य, प्रशिक्षण आणि आकस्मिक खर्चासाठी आहेत. बूट यांपैकी कशात बसवताय? ‘आकस्मिक’मध्ये म्हणाल, तर चाळीस मुलांचे पाय मार्चमध्येच आकस्मिक वाढले का, असं लेखापरीक्षक विचारेल, आणि मीही विचारलं असतं. जिल्हा पोलीस कार्यालयातल्या समन्वय अधिकाऱ्याला लेखी विचारा, लेखी परवानगी आली तरच घ्या. नाही आली तर मुलांना पोलीस ठाणं, न्यायालय आणि अग्निशमन केंद्र दाखवायला न्या. एसटीच्या तिकिटांच्या आणि नाश्त्याच्या पावत्या, मुलांच्या सह्यांची यादी आणि फोटो फाइलला लावा. ते प्रशिक्षणात सरळ बसतं. उपयोगिता प्रमाणपत्रावर खर्च झालेलीच रक्कम लिहा आणि उरलेली परत करा. परत केलेल्या रकमेवर आक्षेप निघालेला मी नोकरीत कधी पाहिला नाही.